मॅडम उठल्याशिवाय

साडेपाच वाजले. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसात 'सी यू टुमॉरो'चा गजर झाला आणि फ्लोअर बघता बघता रिकामा झाला. एकटा अवधूत जागेवर. पुण्याहून येऊन त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. काम केव्हाच संपलं होतं. आता तो एक जुनी ईमेल उगाच मन लावून वाचत होता.

कारण समोरच्या काचेच्या केबिनमध्ये त्याच्या मॅनेजर, अलका मॅडम, अजून बसल्या होत्या. साडेपाचनंतर थांबायचं नाही, असं कंपनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावणारच! पुण्यातल्या कंपनीतही भिंतीवर असंच काहीबाही लिहिलेलं होतं. म्हणून काय साहेबाच्या आधी उठायचं? पंगतीत मोठ्यांचं आटपल्याशिवाय उठतं का कोणी?

फोन थरथरला. हॉस्पिटलात शिफ्टवर असलेल्या बायकोचा, वरदाचा मेसेज. 'मायराला आणायला निघालास ना? काल एकटीच राहिली होती शेवटी. रडून रडून आवाज बसलाय पोरीचा. सहाला नर्सरी बंद होते.'

त्याने केबिनकडे पाहिलं. मॅडमनीही नेमकं तेव्हाच त्याच्याकडे पाहिलं. तो घाईघाईने कीबोर्ड बडवू लागला.

शेवटी मॅडमच बाहेर आल्या. "अवधूत, काय अडलंय एवढं? मदत करू का?"

"नाही मॅडम, काम झालंय."

"मग बसलायस कशाला?"

"तुम्ही बसलाय ना, म्हणून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! मी तू बसलायस म्हणून बसतेय रोज! टीममधलं कोणी अडलेलं असताना मी घरी जात नाही. माझं पोहायला जाणं बंद पाडलंस की रे, गाढवा!"

दोघंही हसत सुटली. मग फोन पुन्हा थरथरला आणि अवधूतचा चेहरा पडला. त्याने कसंबसं मायराचं सांगितलं.

"आधी बोलायचंस ना! चल, गाडीत बस."

नर्सरीच्या दारात मायरा कोट घालून उभी होती. आजही शेवटचीच. बापाला पाहून ती धावली नाही, नुसतं तोंड फिरवलं. मॅडम गाडीतून ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला केबिनचं दार धाडकन उघडलं. अंगात कोट, खांद्याला बॅग. "मी निघाले रे, अवधूत!" अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, चक्क मराठीत. आणि गेल्यासुद्धा.

हुश्श! अवधूतने लॅपटॉप मिटला आणि धडाधड जिना उतरला.

कार पार्कच्या कोपऱ्यात मॅडमची गाडी उभीच होती. आत दिवा लागलेला. मांडीवर लॅपटॉप घेऊन मॅडम टाइप करत होत्या. आज त्यांचं खरंच काम उरलं होतं.

अवधूत थबकला. काच वाजवावी, 'मॅडम, मीही थांबतो' म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. एवढ्यात त्यांनी मान वर केली. चष्म्यावरून डोळे वटारले आणि हाताने खूण केली, पळ!

अवधूत पळत सुटला. एवढा मान त्याने आजवर कुठल्याच साहेबाचा ठेवला नव्हता.