रुमालाखालचा सौदा

“मधी बोलायचं न्हाई,” महांतेशने बजावलं आणि हेडफोन कानावर चढवले. “कोणता लावलास ते सांगायचं न्हाई. खोकायचं बी न्हाई.”

त्याच्या बायकोने, सुकन्याने, मान डोलावली. टेबलावर चादरीचा आडोसा केला होता. आडोशामागे दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी तापत होते. एक हैदराबादच्या दुकानातून बघायला म्हणून आणलेला, परदेशी. दुसरा उदगीरच्या व्यंकटीने स्वतःच्या हाताने जोडून सागवानी पेटीत बसवलेला. दोन्हींवर काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा, निखाऱ्यासारख्या लालसर उजळलेल्या. दिसायला दोघेही असे देखणे की नुसतं बघत बसावं. महांतेश म्हणायचा, नळ्यांच्या मशीनमधून गाणं आलं की गाणारा माणूस घरात येऊन बसतो. असा माणूस नेमका कोणत्या पेटीत आहे, हे आज ठरवायचं होतं. संध्याकाळी एक पेटी परत जाणार होती.

लातूरच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, महांतेशची आडत होती. तुरीचा दाणा दाताखाली फोडून त्याने माल कसा आहे ते सांगितलं की विषय संपला. त्याचा शब्द सगळा मोंढा मानायचा. माल हलका असेल तर तो सख्ख्या मेव्हण्यालाही तोंडावर सांगे, आणि एकदा दिलेला शब्द कधी फिरवत नसे. त्याचे वडील रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे. त्यावरूनच त्याला ही चादर सुचली होती. डोळ्यांना दिसलं की कान लबाडी करतात, असं त्याचं म्हणणं.

तयारी तर अशी की विचारू नका. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. इन्व्हर्टरची भुणभुण नको म्हणून इन्व्हर्टर बंद. एप्रिलचं लातूर, भर दुपार, आणि हा भला माणूस घामाने निथळत डोळे मिटून बसलेला. हेडफोनही असले की दोन्ही बाजूंना जाळी. आतलं बाहेर येणार, बाहेरचं आत जाणार. त्यामुळे गेले कित्येक दिवस तेच एक वचन, लिंगायत संतांचं भक्तिपद, सुकन्याच्याही कानावर पडत होतं. एका म्हाताऱ्या गायिकेचा कन्नड आवाज आणि मागे फक्त तंबोरा.

वचन तिला पाठच होतं. निलंग्याला माहेरी असताना ती मठात गायची, तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावायच्या. लग्न झालं आणि गाणं राहून गेलं. गाऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं. गा, असंही कुणी म्हणालं नव्हतं. आज सकाळी शेजारच्या जगदेवीवहिनी दारातूनच सांगून गेल्या होत्या, “बसव जयंतीला मठात वचन म्हणायचं हाय. म्हणतीस का न्हाई ते सांजपर्यंत सांग. न्हाईतर मी दुसरी बघते.”

आवाज उरलाय की गेला, हेच तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला विचारावं तर तो मान वर न करता म्हणणार, चांगलं म्हणतीस की. नवरे भाजीलाही असंच म्हणतात.

“पहिला झाला. आता दुसरा,” महांतेश म्हणाला. “सुरुवातीपासून लाव.”

तिने हेडफोनची पिन पहिल्यातून काढली, दुसऱ्यात खोचली आणि लाईट गेली. स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला. नळ्यांमधली लाली हळूहळू विझली. सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मधी बोलायचं नव्हतं.

महांतेश तसाच बसला होता, मान किंचित झुकवून, इतक्या आशेने की तिला त्याची माया आली. येईल आता लाईट, म्हणून ती थांबली. लाईट काही आली नाही. थांबता थांबता तेच वचन तिच्या ओठांवर आलं. आधी नुसती गुणगुण. मग शब्द. आवाज अडखळला, खरखरला, आणि मग वरच्या सुरावर जाऊन सरळ उभा राहिला. तिचा तिलाच विश्वास बसेना.

महांतेशची झुकलेली मान वर झाली. तो खुर्चीत पुढे सरकला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि घामात मिसळलं.

“हाच,” तो म्हणाला. “तंबोरा पार मागं गेला बघ. सुरुवातीला जरा खरखर हाय, ती हाय. पण आवाज लई मोठा. बाई समोर बसून म्हणून राहिली. पहिला परत दिऊन टाक. याच्यापुढं काहीच न्हाई.”

सुकन्या थांबली.

“बंद का केलीस?” म्हणत त्याने डोळे उघडले आणि चादर बाजूला सारली. दोन्ही पेट्यांच्या नळ्या काळ्या पडल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“लाईट कवा गेली?”

“दुसरा लावला तवाच. तुम्हीच म्हणलाव, मधी बोलायचं न्हाई.”

मग हेडफोन काढून त्याने तिच्यापुढे हात केला, मोंढ्यात करतात तसा. “सौदा झाला,” तो म्हणाला. “शब्द फिरवायचा न्हाई.”

तिने हातावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने फोन लावला.

“वहिनी, हाव. म्हणते मी,” ती म्हणाली. “फक्त माईक लावू नका.”