कोबीच्या वाफ्याचा खटला

“या वाफ्यात विषाचा एक थेंबही पडणार नाही. हा अंतिम निकाल!” निवृत्त न्यायाधीशांनी उभं राहून जाहीर केलं, आणि त्यांच्या बाहीवरची हिरवी अळी टपकन चहात पडली.

“अपिलात गेली वाटतं,” बायको म्हणाली.

वाफे त्यांच्या मुलीचे होते. फवारणीचा पंप तिने कधी दारातून आत येऊ दिला नव्हता. ती गेली आणि न्यायाधीश खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. दाढी वाढली, चहा निवत राहिला, शब्द संपले. मग एके सकाळी बायको सहज म्हणाली, “कोबीला अळी लागलीय. शेजारणीचा पंप आणू का?”

“विष? तिच्या वाफ्यात?” म्हणत ते उठले ते थेट अंगणात. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ साबणाच्या पाण्याचं भांडं, डोळ्यांवर चष्मा आणि एकेका पानाची उलटतपासणी. कडेने झेंडू लावला. लसूण-मिरचीचं पाणी शिंपडताना ते स्वतःच इतके शिंकले की पाखरं उडाली. पाखरांनी परत येऊन अळ्या खाव्यात म्हणून त्यांच्यासाठी पाण्याची थाळी ठेवली. पाखरं पाणी प्यायली, आंघोळ करून निघून गेली.

अळ्या मात्र हटेनात. संध्याकाळी वाफा लख्ख करावा, तर सकाळी पुन्हा हजर. आणि सगळ्या कशा गलेलठ्ठ! पानामागे एक अंडं सापडेल तर शपथ.

“बाळपण नसलेली जमात आहे ही,” ते म्हणाले. “अगं, या बाहेरून येतात. कुणीतरी आणून टाकतंय.”

“कोण टाकणार?” बायको सिंकपाशी एक डबा धूत होती.

“ती शेजारची शिवणवाली. तिचा कोबी बघ, चाळणी झालाय नुसती. भिंतीवरून भिरकावत असेल.”

“तिला कपडे शिवायला वेळ पुरत नाही, ती अळ्या कशाला भिरकावेल?”

“आरोपीची बाजू तू का मांडतेस? आणि या झाकणाला भोकं कसली?”

“लसणाला हवा लागते,” बायको म्हणाली आणि डबा पालथा घातला.

पुरावा आपल्या पायांनी चालत आला. एके दुपारी भिंतीपलीकडून पंपाची घरघर ऐकू आली, उग्र वास पसरला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाफ्यात एकही अळी नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

“बघितलंस? तिच्याकडच्या मेल्या, आपल्याकडच्या थांबल्या. गुन्हा शाबीत!”

बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली.

न्यायाधीशांनी आणखी एकदा सगळी पानं उलटून पाहिली. कोबी सुरेख धरला होता. तो बघायला जी हवी होती, ती नव्हती. त्यांनी साबणाचं पाणी ओतून दिलं, भांडं विसळून फळीवर ठेवलं आणि आत जाऊन खुर्चीत बसले. भिंतीकडे तोंड करून.

“चहा टाकू?”

“नको.”

“दाढी तरी करा.”

बायको डबा उचलून मागच्या दाराने बाहेर गेली.

खिडकी उघडी होती. भिंतीपाशी शिवणवालीचा आवाज आला. “डबा आणू नका हो वहिनी. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही, फवारून टाकलं सगळं. तुम्हाला द्यायला एक अळी उरली नाही.”

डब्याचं झाकण वाजलं.

“ते पुन्हा खुर्चीत बसलेत,” बायको हळूच म्हणाली. “मग असं करा ना ताई, चार गोगलगाई तरी द्या. त्यातल्या त्यात चपळ बघून.”