समारंभाचा जोड

"काका, आज दोन पिशव्या नकोत. दोन्ही बूट एकाच खोक्यात घाला आणि माझ्याकडे द्या," चिमणी म्हणाली.

दुकानदाराचा हात हवेतच थांबला. इतकी वर्षं या दोघी येत होत्या. जोड एक, पैसे निम्मे-निम्मे, पिशव्या दोन. डावा बूट ग्रंथपालबाईंचा, उजवा चिमणीचा. त्याला कधी विचारावंसुद्धा लागलं नव्हतं.

ग्रंथपालबाई हसल्या. चिमणीची थट्टा त्यांना नवी नव्हती. "आणि मी काय भाचीच्या लग्नात अनवाणी मिरवू?" त्या म्हणाल्या.

चिमणी हसली नाही.

दोघींची ओळख याच दुकानातली, याच बाकावरची. अपघातात बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, त्यानंतर त्या पहिल्यांदा बूट घ्यायला आल्या होत्या. "एकच बूट कसा विकू हो?" म्हणून दुकानदार गयावया करत होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "दुसरा मी घेते! मला डावा पायच नाहीये!" माप दोघींचं एकच निघालं. चिमणी एका दवाखान्यात फोनवर बसायची. लहानपणापासून एका पायाची, पण तोंडाने दहा जणांना भारी.

पाय एक असला म्हणून बूटही एकच असावा, असं कुणी सांगितलंय? हे बाईंना तिनेच शिकवलं. मग दोघींनी मिळून जोड जमवायला घेतले. वाचनालयात आवाज होऊ नये म्हणून मऊ तळाचा. पावसाचा रबरी. फिरायला कॅनव्हासचा. एक साधा काळा, दुखवट्याला जाण्यासाठी. तो चिमणीचे वडील गेले तेव्हा बाईंनीच धावतपळत आणला होता. राहिला होता फक्त समारंभाचा. समारंभात लोक आधी कुबड्या बघतात आणि मग तोंड, म्हणून तो जोड दोघी पुढे ढकलत आल्या होत्या. आता भाचीच्या लग्नाने मुहूर्त लागला. मरून रंगाचे, सोनेरी काठाचे, सपाट तळाचे बूट दोघींनाही एका नजरेत आवडले होते.

दुकानदार खोकं हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. तेव्हा चिमणी उठली.

नुसती उठली. बाकाला हात न लावता. जमिनीला टेकणारा झगा सावरत ती आरशापर्यंत चालत गेली, वळली, आणि किंचित डावीकडे झुकत परत आली. झग्याच्या काठाखाली दोन पावलं दिसत होती. बाई दुकानात आल्या तेव्हा ती आधीच बाकावर बसलेली होती; तिच्या कुबड्या आज कुठेच नव्हत्या, हे त्यांना आत्ता उमगलं.

"अरे वा, ताई! वा!" दुकानदाराने टाळ्या वाजवल्या.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या क्षणी ते आनंदाचंच होतं. "लबाडे!" त्या म्हणाल्या. "मला पत्ता लागू दिला नाहीस? आणि आईचं आजारपण?"

"आई बरी आहे. घरी सराव चालायचा. तू आली असतीस तर दिसलं असतं."

म्हणजे इतके महिने 'घरी येऊ नकोस' म्हणत होती, ते यासाठी. आणि बाई रोज फोनवरून तिच्या आईसाठी धीर देत होत्या. त्यांनी तेही गिळलं.

"हा पाय कुठून मिळाला गं?"

चिमणी आरशात बघत म्हणाली, "त्याच संस्थेतून."

बाईंना दुकान एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. मागच्या वर्षी त्या संस्थेचा निरोप त्यांनाच आला होता. कुणी देणगीदार एक चांगल्यातला कृत्रिम पाय देणार होता. एकच. बाईंचा नंबर लागला होता. त्यांनी ही बातमी घरच्यांच्याही आधी चिमणीला सांगितली होती. चिमणीने मिठी मारली होती, "घे बाई, घे," म्हणाली होती. मग दोन-तीन दिवसांनी ती घरी आली ती रडतच. ते पाय टोचतात, जखमा होतात, मी दवाखान्यात रोज बघते, म्हणाली. आणि शेवटी हुंदका देत, "तू दोन पायांवर चालायला लागलीस, तर मी डावा बूट कुणाला देऊ, ताई?"

तिच्यासमोरच बाईंनी फोन उचलला आणि संस्थेला नाही म्हणून कळवलं. भाऊ चिडला. "वेड लागलंय का तुला?" म्हणाला. "मैत्रिणीला मागे टाकून मला पुढे जायचं नाही," असं त्यांनी त्याला ठणकावलं होतं, आणि या उत्तराचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्यांनी स्वतःला सावरलं. नाही म्हटल्यावर पाय कुणाला तरी जाणारच होता. संस्थेने शोधाशोध केली असेल. नशिबाने चिमणी सापडली असेल. परक्याला जाण्यापेक्षा बरंच झालं की. तिला सांगायचा धीर झाला नसेल, एवढंच. त्यांनी चिमणीचा हात हातात घेतला.

"मी नाही म्हटल्यावर त्यांनी तुला बोलावलं का?"

दुकानदाराने खोकं बांधून चिमणीसमोर ठेवलं. चिमणीने हात हळूच सोडवून घेतला.

"माप मी आधीच देऊन आले होते, ताई," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू नाही म्हणालीस तरच मिळेल."