मनगटावरचा धागा

लिफ्ट बंद होती. रेमी सहा मजले चढून वर आली, तेव्हा तिच्या एका हातात नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि डोक्यात जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाचा सल्ला. किवी द्या. शेळीचं दूध द्या. पपईच्या पानांचा रस द्या. डेंग्यूवरचा उपाय माहीत नाही असा एकही माणूस कांदिवलीत राहत नसावा.

घराचं दार उघडंच होतं. समोरच्या सोनूबाई आतून बाहेर येत होत्या.

"आलीस? किती आल्या गं प्लेटलेट?"

"अडतीस हजार. काल बेचाळीस."

"उतरल्या की. घाबरू नको पण. मी बसले होते तुझ्या मिस्टरांपाशी. आमच्या बौद्धांत आजारी माणसाजवळ बसून परित्राण पाठ म्हणतात ना, तो म्हटला. धागा बांधलाय हाताला. तू काढू नको हां, आपोआप तुटू दे. आणि ओट्यावर खिचडी ठेवलीय, पोरीला जेवू घाल आधी. तूपण खा, तोंड बघ कसं झालंय तुझं."

रेमीने "थँक यू" म्हटलं, दार लावलं आणि तशीच आतल्या खोलीत गेली. तिचा नवरा झोवा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या उजव्या मनगटावर पांढरा धागा होता, तीन पदरी, गाठ अगदी व्यवस्थित मारलेली.

चार वाजता मिझोराममधल्या ऐझॉलहून व्हिडिओ कॉल यायचा होता. तिथल्या चर्चने या दोघांना लेकीसकट मुंबईत धर्मकार्यासाठी धाडलं होतं. पासपोर्ट लागत नव्हता, एवढं सोडलं तर त्यांच्यासाठी हा परदेशच. दर महिन्याच्या शेवटी चर्चचे सेक्रेटरी विचारत, किती घरांत प्रार्थना झाली? अकरा महिने उत्तर एकच होतं, शून्य. शेजारी वाईट नव्हते. "या ना कधीतरी," असं तोंडभरून म्हणायचे आणि सेफ्टी डोअर ओढून घ्यायचे. झोवाने दारात उभं राहून "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारलं, की हात जोडून "नको नको, आमचं छान चाललंय," म्हणायचे. मागच्या खेपेला सेक्रेटरींनी बजावलं होतं, अजून एक शून्य आलं तर सामान बांधायचं. आणि नेमक्या या महिन्यात प्रचारकाच्याच हाताला हे!

रेमीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला नुसता संताप आला. डासांचा, लिफ्टचा, अडतीस हजारांचा, आणि सगळ्यात जास्त समोर निवांत पडलेल्या या माणसाचा.

"तू बांधू दिलंस?"

"हो."

"तापात होतास. कळलं नसेल."

"कळत होतं. त्यांनी आधी विचारलं, बांधू का म्हणून."

"मग नको म्हणायचं! एक शब्द. तेवढाही जमला नाही?"

झोवा वळला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. "अकरा महिने दारोदार मी तोच शब्द ऐकतोय, रेमी," तो म्हणाला. "मला तो म्हणवला नाही."

ती आणखी चिडली. तिने स्वयंपाकघरातून कात्री आणली. ओट्यावर सोनूबाईंचा डबा होता आणि रेमीची आठ वर्षांची लेक मवी उभ्याउभ्याच खिचडी खात होती. तीन दिवसांत पोरगी पहिल्यांदा आपणहून जेवत होती. रेमीने तिकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कात्री घेऊन खाटेशी आली. झोवाने हात पुढे केला. मनगट इतकं बारीक झालं होतं की धाग्याखाली कात्रीचं पातं सहज गेलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला.

तिने घाईघाईने त्याचा हात चादरीखाली कोंबला, कात्री मांडीवर ठेवली आणि फोन उशीला टेकवला. पडद्यावर सेक्रेटरी आले. कोट, टाय, मागे भिंतीवर क्रूस. त्यांनी तब्येत विचारली आणि डोळे मिटून झोवासाठी प्रार्थना केली. नेटवर्कने तिचे तीन तुकडे केले, तरी "आमेन" तेवढं स्पष्ट ऐकू आलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि समोरचा कागद ओढला.

"या महिन्यात किती घरं?"

रेमीने तोंड उघडलं आणि नेमका झोवाला ठसका लागला. उशाशी ठेवलेला पाण्याचा ग्लास घ्यायला त्याने हात बाहेर काढला. धागा सरळ कॅमेऱ्यासमोर आला.

"मनगटाला काय आहे ते?" सेक्रेटरी पुढे वाकले.

झोवाने ग्लास घेतला, पण हात लपवला नाही. तो रेमीकडे बघत राहिला.

तिने मांडीवरची कात्री उचलली. जलसंजीवनीच्या पाकिटाचा कोपरा कापला आणि पावडर त्याच्या हातातल्या ग्लासात ओतली. चमच्याने ढवळली.

"रेमी? मी विचारतोय. किती घरांत प्रार्थना झाली?"

"एका," ती म्हणाली. "आमच्या."