तीन मजली रान

बारावीचा निकाल लागला आणि तिसऱ्याच दिवशी टाय बांधलेला माणूस मोटारसायकलवरून आमच्या सणसरच्या वस्तीवर आला. त्यानं माझ्या हातात इंजिनिअरिंग कॉलेजचं गुळगुळीत पुस्तक ठेवलं. कव्हरवर तीन मजली पांढरी इमारत होती. “जागा भरत आल्यात, आजच नाव नोंदवा,” तो म्हणाला. आईनं विचारलं, “कॉलेज हाय कुठं?” “मावशी, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं. पोरीला ठरवू द्या.” मी पत्ता मोठ्यानं वाचला: इंदापूर रोड, बाभूळमळा. मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी सांधणारे आईचे हात थांबले. “बाभूळमळ्यात? परवापर्यंत तितं खतासाठी आमचीच मेंढरं बसवली हुती. निसतं नांगरलेलं रान हाय त्ये.” तो हसला. “बांधकाम सुरू होईलच, मावशी.” मी तिथंच ठरवलं. पुस्तक त्याच्या गाडीच्या टाकीवर आपटलं. आई म्हणाली, “खत आमी टाकलंय, सायेब. कॉलेज उगवलं की सांगा.”