पेट्राची मागची वाट

नवऱ्याशी, श्रीनिवासशी, घटस्फोट झाला तरी केतकीने सासूला दिलेला शब्द पाळला आणि उषाताईंना वाळवंटातलं पेट्रा हे प्राचीन शहर दाखवायला घेऊन आली. मुख्य वाटेवर गर्दी, म्हणून दोघी मागच्या डोंगरवाटेने निघाल्या.

अरुंद कड्यावर उषाताई थबकल्या.

"आई, खाली बघू नका. हात द्या," केतकी म्हणाली.

तो हात धरताच उषाताईंना राहवेना. "श्रीनिवासने तुला मारलं, तेव्हा मी दार लावून आत बसले गं."

केतकीने त्यांना सावकाश पलीकडे नेलं. मग म्हणाली, "त्याचं पुन्हा लग्न ठरलंय ना? त्या मुलीला सांगा हे."

समोर डोंगरात कोरलेलं भव्य मंदिर उन्हात झळकत होतं. त्याकडे पाठ करून उषाताई दगडावर टेकल्या आणि त्यांनी होणाऱ्या सुनेला फोन लावला.