एका शेअरपुरतं

सकाळी साडेदहाला फोन वाजला, तेव्हा पट्टीबाई दूध तापवत होत्या. आवाजावरूनच त्यांनी ओळखलं, हा अलर्ट. त्यांनी सावकाश गॅस बंद केला, हात पुसले आणि मग स्क्रीनकडे पाहिलं. माणसाचा फोन असता तर दूध नक्की उतू गेलं असतं.

पट्टीबाई हे नाव नकाशांच्या कचेरीतलं. तीस वर्षं त्यांनी तिथे रेघा मारल्या, एकही वाकडी गेली नाही. निवृत्तीनंतर शेअर्सही त्यांनी तसेच सांभाळले. समोरच्या दारातल्या पोस्टमास्तरांनी आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. न चुकता लाभांश देणाऱ्या कंपन्याच घ्यायच्या. भाव दोनशे दिवसांच्या सरासरीखाली उतरला किंवा लाभांश घटला, की अलर्ट वाजणार आणि बाई विकणार. तिथे दयामाया नाही. "शेअरच्या प्रेमात पडला तो बुडाला," असं मास्तरच सांगायचे आणि स्वतः दर महिन्याला पडायचे.

आजचा अलर्ट पंप बनवणाऱ्या कंपनीचा होता. तिने लाभांश निम्म्यावर आणला होता. आलेखावरची रेघ जिना उतरावा तशी खाली आली होती. बाईंनी चष्मा लावला आणि सगळे शेअर विकले. सगळे म्हणजे, एक सोडून.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अलर्ट पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशीही. सॉफ्टवेअरला एक काय आणि हजार काय, सारखेच.

"अहो, हे काय?" चहाला आलेल्या मास्तरांनी स्क्रीनकडे बोट केलं. "एक शेअर? त्याचं काय लोणचं घालणार?"

"राहू दे."

"तुम्ही आणि नियम मोडता? उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार!"

"एका शेअरवरही कंपनीच्या सभेला जाता येतं, मास्तर. चहा चांगला असतो तिथला."

मास्तर हसायला लागले, पण मध्येच थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. कप दोनच होते, आणि त्यातला एक त्यांनी स्वतःच्या घरून आणलेला होता. "जा, जा," ते म्हणाले. "चार माणसं भेटतात. तेवढंच बरं."

वार्षिक सभेच्या दिवशी बाई तासभर आधी पोचल्या. दारावरच्या मुलीने यादीत नाव शोधलं. "आलात? दर वर्षी पहिल्या तुम्हीच! बिस्किटं अजून यायचीत हं."

"मी थांबते."

त्या दुसऱ्या रांगेत बसल्या. हातात चारदा लिहून खोडलेला प्रश्न होता. हळूहळू सभागृह निम्मं भरलं. अध्यक्षांनी अहवाल वाचला, कुणी जांभई दिली, कुणी टाळ्या वाजवल्या. मग भागधारकांचे प्रश्न सुरू झाले. बाईंनी हात वर केला. माइक त्यांच्याकडे आला.

"लाभांश निम्मा केलात," त्या म्हणाल्या. "पण पत्र नाही पाठवलंत. घरी बसलेल्या माणसाला कळायचं कसं?"

उत्तर वित्तप्रमुखाने द्यायचं होतं. चाळिशीचा, उंच, गेल्या वर्षीपेक्षा वाळलेला माणूस. त्याने समोरच्या कागदावरून नजर उचलली नाही.

"मॅडम, सूचना संकेतस्थळावर होती."

"ते मी रोज वाचते. पत्राचं विचारलं."

मागे हशा पिकला. वित्तप्रमुखाने पाण्याचा घोट घेतला.

"पाठवायला हवं होतं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पाठवू."

"आणि तब्येत?" बाई घाईने म्हणाल्या. "कंपनीची. आता बरी आहे ना?"

आता त्याने वर पाहिलं. मग तो बोलू लागला. गेलं वर्ष जड गेलं. दोन मोठी गिऱ्हाइकं सुटली. एक कारखाना बंद ठेवावा लागला. पण आता सावरतंय, काळजी करण्यासारखं नाही. चार मिनिटं तो बोलत होता. बाईंच्या हातात पेन्सिल होती, पण त्यांनी एक अक्षरही टिपून घेतलं नाही.

"मॅडम, समाधान झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं."

त्या खाली बसल्या. शेजारचे टकले गृहस्थ कौतुकाने कुजबुजले, "किती शेअर आहेत तुमचे?"

"एक."

"एक! आणि एवढा मोठा साहेब चार मिनिटं बोलला तुमच्याशी?"

"कायदाच आहे तसा," पट्टीबाई म्हणाल्या. "भागधारकाने विचारलं की उत्तर द्यावंच लागतं."

सभागृहात पुढचा प्रश्न सुरू झाला होता, तरी त्या अजून वित्तप्रमुखाकडेच पाहत होत्या. वर्षातून एकदा, एवढ्या लोकांदेखत, त्यांच्या पोटच्या पोराला त्यांच्याशी बोलावं लागायचं.